चालतो तो पादचारी

सोमवार, ६ नोव्हेंबर

आजपासून पुलावरची मोजणी सुरू झाली. सकाळी सात ते अकरा, रविवार सोडून बारा दिवस. साहित्य मिळालं ते असं: प्लास्टिकची खुर्ची एक, पॅड एक, पेन्सिली चार, छत्री एक. छत्रीची काडी तुटलेली आहे. पोच देताना मी तसं लिहिलं, तर भांडारातला माणूस म्हणाला, "आता छत्रीवरही शेरा मारणार का तुम्ही?" मारणार. वस्तू जशी असेल तशी लिहायची, त्यासाठीच आपल्याला ठेवलंय.

विषय थोडक्यात असा. पूल रुंद व्हायचा आहे. आराखड्यात डाव्या कडेला दीड मीटरचा सायकलपट्टा दाखवला आहे, पण पेन्सिलीने. मोजणीत कोणत्याही एका सर्वसाधारण दिवशी शंभर सायकली भरल्या तर त्या रेघेवर शाई फिरेल. नाही भरल्या तर खोडरबर फिरेल आणि जागा मोटारींना जाईल. तक्त्याच्या पाठीमागे अकरा टिपा छापल्या आहेत. कार्यालयात त्या पाठ असलेला मी एकटाच उरलो आहे.

हाच पूल अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी मोजला होता. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. तेव्हाच्या साहेबांना मी एक प्रश्न विचारला होता आणि त्यांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली होती. प्रश्न काय होता ते आठवत नाही, शाबासकी मात्र आठवते.

आज सायकली ४, पादचारी ६११. शंभर कुठून भरणार, देव जाणे.

खरं तर सायकली येतात पुष्कळ. पण पुलाच्या तोंडाशी आले की सगळे उतरतात. हा पूल मूळचा अरुंद. मागे कधीतरी त्याला डावीकडून एक फळी जोडल्यासारखा जादा तुकडा जोडला. त्या जोडाची लोखंडी फट कडेपासून हातभर अंतरावर पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे, आणि तिची रुंदी सायकलच्या टायरएवढी आहे. डावीकडून जावं तर चाक फटीत, उजवीकडून जावं तर ट्रकखाली. म्हणून लोक उतरतात आणि सायकल हातात धरून चालतात. जो चालतो तो पादचारी. टीप क्रमांक सात.

सात चाळीसला ही आली. ही म्हणजे माझी बायको. पलीकडच्या रुग्णालयात धुलाईखान्याची मुकादम आहे, एकोणीस वर्षं सायकलने जाते. उतरली, माझ्यासमोरून चालत गेली. मी कामावर असल्यामुळे ओळख दाखवली नाही. पादचाऱ्यांच्या रकान्यात एक रेघ मारली.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

सायकली ३. काल चहाची किटली घेतलेला एक माणूस सायकलवर बसून गेला होता, आज तोही उतरला.

जेवताना हिने विचारलं, "काल मला कुठे लिहिलंत?"

"पादचारी."

"माझ्या हातात सायकल होती."

"चालत होतीस ना पण?"

"मग हातात काय होतं माझ्या? पर्स?"

मी टीप सात समजावून सांगितली. हिने शांतपणे ऐकली आणि बाकीच्या दहाही सांगायला लावल्या. इतक्या वर्षांत माझ्या कामात पहिल्यांदाच एवढा रस घेतला, बरं वाटलं. मी उत्साहाने सगळ्या सांगितल्या.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

डोक्याला नुसता ताप. आज किल्लीवाला वाद घालायला आला. याच्या सायकलच्या मागे किल्ल्या घासायचं चाक बसवलेलं आहे, स्टँडवर लावून पायडल मारतो आणि किल्ल्या करून देतो. म्हणजे सायकल उभी असली तरी चालवतोच. तर हा खुर्चीपुढे येऊन उभा.

"साहेब, मी चालत आलो का? घरापासून पाच किलोमीटर चालवत आलो. पूल ओलांडला की आणखी तीन किलोमीटर चालवत जाणार. मधे तुमच्यापुढे पन्नास पावलं चाललो तेवढीच दिसली तुम्हाला?"

"मी माझ्यासमोरचं मोजतो," मी म्हटलं. "मागेपुढे काय करता ते मला कसं कळणार?"

"माझे वडीलही इथेच उतरायचे," तो म्हणाला. "कारखान्यात होते, त्यांचीही सायकलच होती. तेव्हा कारखान्याची पाळी सुटायची. सायकली ढकलत माणसं जायची, मुंग्यांसारखी."

मला ते आठवलं. मी तेव्हा इथेच बसलो होतो. खुर्ची लाकडी होती, बाकी फरक नाही.

त्याच्याशी बोलण्यात माझे चार पादचारी निसटले. ते अंदाजाने भरले. हे बरोबर झालं नाही.

शनिवार, ११ नोव्हेंबर

आठवड्याची बेरीज: सायकली १९. तीही तीन-चार धाडसी लोक रोज तेच तेच. मी मोजत बसतो आणि पुढून सायकली जातात, लाल, काळ्या, गंजक्या, पुढे टोपली असलेल्या, मागे चौकोनी खोका बांधलेल्या, आणि मी लिहितो पादचारी, पादचारी, पादचारी. एका बाजूने चुकतंय असं वाटतं, दुसऱ्या बाजूने टीप आहे.

साहेबांकडे गेलो. साहेब तरुण आहेत, हुशार आहेत, सतत फोनवर असतात. एका कानाने फोन ऐकतात आणि दुसऱ्याने आपल्याला. विचारलं, "मोजणीची जागा दोनशे पावलं अलीकडे घेऊ का? तिथे सगळे बसलेले असतात."

"जागा बदलायची नाही," साहेब म्हणाले. "मागच्या मोजणीशी तुलना करायची आहे. जुने आकडे काढा, तक्ता करा." मग फोनमध्ये म्हणाले, "नाही, तुम्हाला नाही."

तत्त्व म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण जिथे सायकल चालवताच येत नाही तिथे बसून सायकली किती चालतात ते मोजायचं, यात काहीतरी गडबड आहे. मला ती नेमकी मांडता आली नाही, त्यामुळे परत येताना स्वतःवरच चिडलो.

रविवार, १२ नोव्हेंबर

सुट्टी. ही सकाळपासून सायकल उलटी करून बसली होती. ब्रेकचे रबर बदलले, साखळीला तेल दिलं, मला मागचं चाक धरायला लावलं. बाही वर केली तेव्हा कोपरावरचा वण दिसला. सहा वर्षांपूर्वी हिचं चाक त्या फटीत गेलं होतं. हात दोन ठिकाणी मोडला. मागून येणारी बस वेळेवर थांबली म्हणून बाकीची ही शिल्लक राहिली. तोवर ही पुलावरून बसूनच जायची. रुग्णालयात हिच्या उशाशी बसून मीच सांगितलं होतं, "यापुढे उतरून चालत जायचं. मला वचन दे." हिने दिलं आणि पाळलं.

"एवढा ब्रेक कशाला आवळतेस?" मी विचारलं.

"हळू चालवायची असली की ब्रेक लागतो," ही म्हणाली.

दुपारभर हिला फोन येत होते. धुलाईखान्यातलं काहीतरी असेल.

सोमवार, १३ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

जुने आकडे काढायला अभिलेख कक्षात गेलो. तिथल्या बाई, ज्यांना सगळे रेकॉर्डबाई म्हणतात, त्यांनी दहा मिनिटांत फाइल काढून दिली. धूळ झटकून पहिलं पान उघडलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा पहिला दिवस: सायकली ६, पादचारी १,९०४. पुढे अभिप्राय: पुलावर सायकलींची वाहतूक नगण्य आहे, स्वतंत्र मार्गाची आवश्यकता नाही. म्हणजे तेव्हाही मागणी होती आणि तेव्हाही तोंडाला पानं पुसली. मी आकडे उतरवून घेतले आणि फाइल मिटणार, तेवढ्यात शेवटी टाचलेला एक कागद दिसला.

अक्षर माझं होतं. तेव्हा मी ल ला शेपूट काढायचो. लिहिलं होतं: "पुलावर सायकल हातात धरून चालणाऱ्यास कोणत्या रकान्यात धरावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती." त्याखाली हिरव्या शाईत तेव्हाच्या साहेबांचा शेरा: "चालतो तो पादचारी. यापुढे सर्वत्र असेच धरावे. प्रश्न चांगला आहे."

तोवर तक्त्याला सहाच टिपा होत्या. सातवी माझ्या प्रश्नातून निघाली.

रेकॉर्डबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पाणी देऊ का?" मी नको म्हटलं आणि मग घेतलं.

त्या १,९०४ मधले किती जण सायकल ढकलत होते? पंधराशे तरी असतील. मी त्यांना डोळ्यांनी पाहत होतो. कुणी विचारलं नसताना मी प्रश्न विचारला, केवळ आपण किती बारकाईने काम करतो हे दिसावं म्हणून. न विचारता सायकलच्या रकान्यात रेघा मारल्या असत्या तर पट्टा तेव्हाच झाला असता. हिचा हात मोडला नसता. लाज वाटली. आत्ता लिहितानाही वाटते आहे.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

साहेबांपुढे कागद ठेवला. म्हटलं, ही टीप चुकीची आहे, ती माझ्यामुळे आली, ती काढून टाका. साहेबांनी फोनवर हात ठेवला. "मोजणी अर्धी झाल्यावर नियम बदलायचा? उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"चूक झाली होती म्हणून सांगा."

"अठ्ठावीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही अशी चूक नसते," साहेब म्हणाले. "त्याला पद्धत म्हणतात."

मी हात टेकले. साहेबांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

घरी हिला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं भडकेल. भडकली नाही. हिने एवढंच विचारलं, "जो बसून जाईल तो सायकलस्वार. बरोबर?"

"बरोबर."

"कितीही हळू गेला तरी?"

"वेगाचा उल्लेख नाही."

"रस्त्याच्या मधून गेला तरी?"

"टिपेत मधून किंवा कडेने असं काही नाही. पण तू हे का विचारतेस?"

"सहज," ही म्हणाली. "आणि ते वचन मी उद्यापुरतं परत घेतेय." कुठलं वचन ते विचारेपर्यंत हिला फोन आला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

घाईघाईत लिहितो आहे, अक्षराकडे बघू नये.

सात चाळीसला पुलाच्या तोंडाशी नेहमीसारखी सायकलींची गर्दी झाली, पण कुणी पूल चढेना. सगळे एक पाय जमिनीला टेकवून उभे. सगळ्यांत पुढे ही. किल्लीवाला होता, शिकवणीच्या बाई होत्या, वाचनालयातला शिपाई होता. कित्येक वर्षं ही माणसं रोज सकाळी एकमेकांच्या मागेपुढे पुलावरून चालतात. एकमेकांना ओळखतात हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

हिने घंटी वाजवली आणि बसूनच पुढे निघाली. फटीपासून लांब, रस्त्याच्या बरोबर मधून, अगदी हळू. मागून दोन दोनच्या जोड्या. त्यांच्यामागे बस, तिच्यामागे ट्रक, आणि मग सगळ्या गावाचे हॉर्न. एक मोटारवाला खिडकीतून डोकं काढून काय वाटेल ते बोलत होता. हिने मान वळवली नाही.

मी उभा राहिलो. उभा राहून मोजलं. चार उभ्या रेघा, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. सायकलींचा रकाना भरला, मग समासात लिहिलं.

सायकली १६३.

मला आनंद झाला आणि रागही आला. हिने मला ताकास तूर लागू दिली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही साहेबांना प्रश्न विचारला असता."

गुरुवार, १६ नोव्हेंबर

साहेबांनी कालचा दिवस रद्द केला. टीप चार: मिरवणूक, अपघात किंवा अन्य कारणाने वाहतूक विस्कळीत झाल्यास तो दिवस अपवादात्मक समजून मोजणीतून वगळावा. वरून तीन फोन आले होते म्हणे.

रागारागात जुनी फाइल परत मागवली. रेकॉर्डबाईंनी एक पान काढून पुढे केलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मोजणीचा नववा दिवस: "कारखान्यातील कामगार समूहाने सायकलवर बसून पूल ओलांडला. वाहतूक विस्कळीत. दिवस वगळला." खाली प्रगणक म्हणून माझी सही. मला हे अजिबात आठवत नाही. म्हणजे त्या लोकांनीही अगदी हेच केलं होतं, आणि मी पुसून मोकळा झालो होतो. किल्लीवाल्याचा बापही त्यात असणार.

मग टीप चार पुन्हा वाचली. ती दोन वाक्यांची आहे. दुसरं वाक्य कुणी वाचत नाही: "वगळलेल्या दिवसाची मोजणी पुढील आठवड्यात त्याच वारी पुन्हा घ्यावी." अठ्ठावीस वर्षांपूर्वी मीही ती घेतली नव्हती. साहेबांना दाखवलं. त्यांनी वाचलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "घ्या मग पुन्हा. पण तमाशा नको."

घरी सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे पुढच्या बुधवारी परत. आणि तोही वगळला तर?"

"तर त्याच्या पुढचा बुधवार."

"आणि तो?"

"त्याबद्दल टिपांमध्ये काही नाही."

"मग विचारा की प्रश्न," ही म्हणाली. "तुम्हाला येतात चांगले."

हे टोचून बोलणं होतं. पण रात्रभर नाही तरी बराच वेळ त्यावर विचार केला.

सोमवार, २० नोव्हेंबर

आज एक टिपणी तयार केली. शेपटाच्या ल ने लिहिली, मुद्दाम. "अपवादात्मक म्हणून वगळलेली परिस्थिती त्याच वारी सलग तीन वेळा घडल्यास ती सर्वसाधारण समजावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती."

साहेब कधी मोकळे आहेत ते बघायचं नव्हतं, कधी मोकळे नाहीत ते बघायचं होतं. अकराच्या सुमाराला दोन्ही फोन एकदम वाजले तेव्हा आत गेलो.

"काय आहे?"

"बारीकसा प्रश्न आहे सर. तीनदा घडलं तर सर्वसाधारण धरायचं ना?"

"तीनदा घडलं तर सर्वसाधारणच की," साहेब म्हणाले आणि सही केली. मी म्हटलं, "यापुढे असेच धरावे, एवढं वर लिहून देता?" तेही लिहिलं. प्रश्न चांगला आहे असं मात्र लिहिलं नाही. टीप क्रमांक बारा.

बुधवार, २२ नोव्हेंबर

सायकली १७१. वाहतूक विस्कळीत. वगळला.

पण लिहायचं ते हे नाही. शिकवणीच्या बाई एका रिकाम्या ट्रकला वाट द्यायला डावीकडे सरकल्या आणि त्यांचं पुढचं चाक फटीत गेलं. त्या हँडलवरून पुढे फेकल्या गेल्या. ओठ फाटला, दात हलला. मागची बस त्यांच्या चपलेवर थांबली, चपलेपलीकडे त्यांचा पाय होता. मी पेन्सिल टाकून धावलो. किती सायकली निसटल्या माहीत नाही, १७१ हून जास्तच असतील.

घरी आल्यावर हिला म्हटलं, "आता पुरे. पुढच्या बुधवारी तू जायचं नाहीस. एक पट्टा नाही झाला तर नाही झाला."

"मागेही तुम्ही हेच म्हणालात."

"तुझा हात मोडला होता."

"हात फटीमुळे मोडला. तुम्ही फट बुजवा नाही म्हणालात, मला उतर म्हणालात. मी उतरले. सगळेच उतरले. फट आहे तिथेच आहे." आवाज चढवून बोलली नाही. "तुम्हाला खुर्चीवरून वाटतं आम्हाला चालायला आवडतं. सायकल ढकलत पूल चढून बघा एकदा. नाहीतर चालवत."

मी चिडून सांगितलं की मोजणाऱ्याने स्वतःस मोजू नये, टीप दोन. ही उठून बाहेर गेली.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. माझ्या जागी रेकॉर्डबाई बसणार. त्या तयार झाल्या याचंच आश्चर्य. म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांचे आकडे सांभाळतेय, एकदा माणसं तरी बघू." त्यांना सगळ्या टिपा शिकवल्या, बारावीसकट. दोनदा म्हणून घेतल्या. सातवी विशेष.

किल्लीवाल्याने त्याच्या भावाची सायकल आणून दिली. संध्याकाळी गल्लीत सराव केला. सव्वीस वर्षांनी बसलो. लोक म्हणतात एकदा आली की विसरत नाही. पायांना आठवत होतं, पोटाला नव्हतं. साखळी दोनदा पडली, एकदा मी कुंपणात गेलो. ही दारात उभी राहून बघत होती. हसली नाही, याची मला जास्त भीती वाटली. आत गेल्यावर माझी विजार घोट्याशी चिमट्याने आवळून म्हणाली, "उद्या असंच. आणि फटीकडे बघू नका. जिकडे बघाल तिकडे चाक जातं."

बुधवार, २९ नोव्हेंबर

सात चाळीसला हिच्या मागे उभा होतो. शिकवणीच्या बाईही आल्या होत्या, ओठाला टाके होते. रेकॉर्डबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, चारही पेन्सिली टोकदार. त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

हिने घंटी वाजवली. निघालो. खुर्चीवरून तो पूल सपाट दिसायचा. त्याला चढ आहे, आणि चांगला आहे. पहिल्या खांबापर्यंत ठीक चाललं होतं. दुसऱ्या खांबाशी मागचा हॉर्न इतका जवळ वाजला की तो माझ्या मानेत वाजला. मी हिच्या पाठीकडे बघत होतो, पण फट डोळ्याच्या कोपऱ्यातून बरोबर चालत होती. मग समोरून एक टँकर आला, वारा लागला, हँडल डगमगलं, आणि माझा पाय आपोआप खाली टेकला. मी टेकवला नाही, तो टेकला.

मागचे मला वळसा घालून पुढे गेले. किल्लीवाला जाता जाता "या हळूहळू" म्हणाला. परत चढायचा दोनदा प्रयत्न केला, चढावर जमेना. उरलेला पूल सायकल ढकलत गेलो. सायकल जड असते. पायडल पिंढरीला लागतं. पलीकडे ही थांबली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा मी लग्नानंतर इतका मोकळा पाहिलेला नाही. "पोचलात," एवढंच म्हणाली आणि घड्याळ बघून कामावर गेली.

अकराला साहेब स्वतः आले. त्यांची मोटार सकाळी आमच्याच मागे अडकली होती. रेकॉर्डबाईंनी तक्ता पुढे केला. सायकली १७८. मी टीप बारा पुढे केली. साहेबांनी ती वाचली, खालची सही वाचली, परत वरून वाचली.

"हे मी कधी लिहिलं?"

"वीस तारखेला, सर. आपण दोन फोनवर होतात."

साहेब माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला रजेचा अर्ज आठवला. मग त्यांनी मोटारीच्या टपावर तक्ता ठेवला आणि सर्वसाधारण दिवस म्हणून सही केली. म्हणाले, "रेघेवर शाई फिरवतो आजच. पण खरं सांगा, इतके लोक सायकल चालवतात इथे? मी रोज या पुलावरून जातो. मला तर कायम चालणारेच दिसतात."

"मलाही तेच दिसायचे," मी म्हटलं.

साहेब गेले. छत्री मिटवता मिटवता मी तक्ता तपासायला घेतला. बेरीज बरोबर होती. रेघा सुबक होत्या. सहज म्हणून बाईंना विचारलं, "यात मी कुठला?"

त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एक रेघ दाखवली. ती पादचाऱ्यांच्या रकान्यात होती.

"अहो बाई, माझ्या हातात सायकल होती."

"तिसऱ्या खांबाशी उतरलात ना पण?"

"घरापासून चालवत आलो होतो. इथे मधली पन्नास पावलं फक्त..."

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "मागचंपुढचं मला कसं कळणार? मी माझ्यासमोरचं मोजलं. कालच शिकवलंत तुम्ही."

तपासणारा म्हणून खाली माझी सही लागत होती. मी तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. चूक कुठेच नव्हती. सही केली आणि सायकल ढकलत घरी आलो.